रस्त्याची कड

जरा बसा. खिडकी उघडी असू द्या, दिवा लावू नका.

पहाट अजून फुटायची आहे. दूधवाल्याची सायकल नुकतीच गेली.

ही दादरच्या हिंदू कॉलनीतली गल्ली समजा, नाहीतर तुमची स्वतःची. सोनमोहर फुलायचे दिवस आहेत. रात्रभरात खाली पिवळा सडा पडलाय.

श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

आता ऐका. खर्र... खर्र... मग विसावा. पुन्हा खर्र.

हा खराटा. नारळाच्या झावळीचे हीर घट्ट बांधून लांब बांबूला लावलेला. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लावतो ती केरसुणी घरातली. हा तिचा रस्त्यावरचा भाऊ. याला कुणी कुंकू लावत नाही.

आवाजाजवळच राहा.

खराट्यामागे एक बाई आहे. मुकादमाकडे हजेरी लावून ती आपल्या बीटवर, झाडायला नेमून दिलेल्या रस्त्यावर, आली आहे. पदर नाकावरून ओढून घेतलाय. गटाराची जाळी कुठे, फरशी कुठे उचललेली, हे तिच्या हाताला न बघता कळतं.

तिच्याकडे बघा. घाई नको.

खराटा फिरतो आणि जमिनीवरून काहीतरी उठतं. पाकळी नव्हे, कागद नव्हे. धूळ. रस्त्यावरच्या दिव्याखाली ती दिसते, उजेडाबाहेर दिसत नाही. दहा मायक्रॉनचा कण केसाच्या जाडीच्या साधारण सातव्या हिश्शाएवढा. त्याहून बारीक असतात ते छातीत खोल उतरतात.

तुमचा श्वास आत जातो. तिचाही जातो.

इथे थोडं थांबू या.

आता कान लांब न्या. पूर्व द्रुतगती महामार्गावर एक यंत्र हळूहळू सरकतंय. बाजूचे तारांचे गोल ब्रश कडेचा केर मधे ढकलतात. पाण्याचा बारीक फवारा उडतो, धूळ तिथेच बसते. मागचं रुंद तोंड ती ओढून घेऊन पोटातल्या टाकीत टाकतं. चालक काचेआड बसलाय. ती धूळ त्याच्या तोंडावर उडत नाही. हे चांगलंच आहे.

कल्पना तशी जुनी. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने 1840 च्या दशकातच घोड्याने ओढायचं झाडूयंत्र बनवलं होतं. आपल्याकडे 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमानंतर अशा यंत्रांच्या खरेदीला जोर आला, कारण शहरातली पुष्कळशी धूळ रस्त्यावरूनच उठते.

यंत्राची घरघर ऐका. सलग आहे, तिला विसावा नाही.

आणि इकडे, खर्र... विसावा... खर्र.

दोन्ही आवाज एकदम ऐकता येतात का, बघा. एकाची बाजू घ्यावीशी वाटेल. घेऊ नका. नुसतं ऐका.

बाईच्या हातात हा खराटा कुठून आला?

पुष्कळदा सासूकडून, नाहीतर बापाकडून. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. त्या पगारावर घर चालतं, मुलं शिकतात. त्याच वाटेने जातही पुढच्या पिढीच्या हातात तोच खराटा देते. पक्की नोकरी, आणि ती अशी.

हे पोटात राहू द्या. लगेच उत्तर नको.

श्वास. आणखी एक.

यंत्र गल्लीच्या तोंडाशी आलंच, तरी काय होतं बघा. दोन्ही कडांना गाड्या उभ्या आहेत. ब्रश त्यांच्याखाली पोचत नाहीत. मधला पट्टा लख्ख होतो आणि कड तशीच राहते.

बाई वाकते. खराटा आडवा करून चाकामागे घालते. चिकटलेल्या पाकळ्या, गुटख्याची पुडी, गोळ्यांची रिकामी पट्टी. ओढून बाहेर काढते. कमरेवर हात ठेवून सरळ होते.

तिच्याबरोबर तुम्हीही पाठ सरळ करा.

आता उठा. तुमची गाडी खाली कडेला उभी असेल, तर उद्या हजेरीच्या वेळेआधी ती आवारात घ्या. आणि नगरसेवकाने नव्या यंत्राची बातमी दिली, तर एवढंच विचारा की चालवायला कुणाला शिकवणार, आणि बीटवरच्या बाईचं नाव त्या यादीत आहे का.