टाळी कुणासाठी?

सकाळचे फिरणे आटोपून आम्ही चार-पाच जण अन्नपूर्णा मंदिराजवळ पोहे खायला थांबतो. इंदूरचे पोहे म्हणजे वरून शेव, जोडीला जिलेबी आणि तोंडी लावायला वाद. गेल्या महिन्यात वाद निघाला तो असा, की देशात खेळाचे सर्वांत चांगले प्रेक्षक कोणत्या शहराचे? बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही मुंबईच्या बाजूचे. शेजारच्या बंगाली दादांच्या मते कोलकात्याबाहेर खेळ कुणाला कळतच नाही. पोहेवाला शेव भुरभुरत म्हणाला, "भिया, इंदौर जैसी पब्लिक कहीं नहीं." मग सगळे माझ्याकडे वळले. मुख्याध्यापकाला निकाल देता येतो, असा लोकांचा समज असतो. मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न पाठोपाठ घरी आला.

दादांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. आमच्या इंदूरचे मुश्ताक अली हे परदेशात कसोटी शतक करणारे पहिले भारतीय. १९३६ साली मँचेस्टरला त्यांनी ते केले. पुढे १९४५ साली ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघाविरुद्धच्या कोलकात्याच्या सामन्यातून त्यांना वगळले, तेव्हा तिथल्या लोकांनी ‘मुश्ताक नाही तर सामना नाही’ अशा घोषणा दिल्या आणि निवड समितीला त्यांना घेणे भाग पडले. ना गावचा, ना भाषेचा. केवळ त्याची फलंदाजी पाहायची म्हणून एक शहर हट्टाला पेटले. रसिकता म्हणतात ती ही.

पण त्याच ईडन गार्डन्सवर १३ मार्च १९९६ रोजी, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, भारत हरताना दिसताच बाटल्या पडल्या, जाळपोळ झाली आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. फेब्रुवारी १९९९ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत सचिन धावबाद झाल्यावर असंतोष उसळला. शेवटच्या दिवशी पोलिसांनी प्रेक्षकांना बाहेर काढले आणि कसोटी रिकाम्या मैदानात संपली.

त्याआधी तीनच आठवडे, ३१ जानेवारीला, हाच पाकिस्तानी संघ चेन्नईत खेळला होता. दिवस तणावाचे, त्याच महिन्यात या दौऱ्याच्या विरोधकांनी दिल्लीची खेळपट्टी उखडली होती. सचिनने पाठदुखी सोसत १३६ धावा केल्या, विजय हाताशी आला, आणि भारत अवघ्या १२ धावांनी हरला. चेपॉक क्षणभर सुन्न झाले. मग लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. पाकिस्तानी खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली. मी तो सामना इथे दूरदर्शन संचासमोर पाहत होतो. खरे सांगायचे तर मी टाळी वाजवली नाही. मी संच बंद केला.

मग चेन्नई पहिली आणि कोलकाता नापास? गुणपत्रिका लिहिण्यात आयुष्य गेले, म्हणून मोह होतो. पण ज्यांनी मुश्ताक अलींसाठी रस्ता धरला त्यांचीच नातवंडे बाटल्या फेकणाऱ्यांत असतील. शहराचा स्वभाव असा एकदाच घडवून ठेवलेला नसतो. आणि इंदूर? २५ डिसेंबर १९९७ ला नेहरू स्टेडियमवर मी होतो. श्रीलंकेचे फलंदाज आले, चेंडू भलतेच उसळू लागले, आणि तीन षटकांनंतर धोकादायक खेळपट्टीमुळे सामना थांबवला गेला. आम्ही कावलो होतो. पुढे लोकांच्या समाधानासाठी बाजूच्या खेळपट्टीवर प्रदर्शनीय सामना झाला. आज वाटते, त्या घटकेला फलंदाजाच्या बरगडीपेक्षा हातातले तिकीट मला मोठे वाटत होते.

अ‍ॅडम स्मिथने १७५९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मनातल्या निःपक्ष प्रेक्षकाची कल्पना मांडली: आपल्या वागण्याकडे त्या तिऱ्हाइताच्या डोळ्यांनी पाहावे. वर्गात हे शिकवायला बरे वाटते. मैदानात मात्र अगदी तिऱ्हाईत होऊन बसणाऱ्याला सामन्याची गोडी कळणार नाही. पक्ष हवाच. प्रश्न आहे तो पक्षाने डोळे किती झाकायचे याचा.

आणि पक्ष तरी कोणता? जून २०२२ मध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना मुंबई आणि मध्य प्रदेश यांच्यात बंगळूरला झाला. आमच्या घरात तीन पिढ्यांची इंदुरी मराठी माणसे. वडील मरेपर्यंत मुंबईचे धावफलक वर्तमानपत्रातून कापून ठेवत. मुलगा मध्य प्रदेशाच्या बाजूने, कारण रजत पाटीदार इंदूरचा. त्यातून मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, म्हणजे अस्सल मुंबईकर! मध्य प्रदेशाने पहिल्यांदाच करंडक जिंकला. मला आनंद झाला आणि वडिलांच्या फोटोकडे बघवेना. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना हा पेच समजावून सांगायला नको. होळकरांचा संघ चार वेळा रणजी जिंकला, त्यात नागपूरहून आलेले सी. के. नायडू होते, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर होते. त्या काळी इंदूरने कुणाची जन्मपत्रिका मागितली नाही.

आता जे सांगायचे टाळत आलो, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आंतरशालेय कबड्डीचा अंतिम सामना आमच्या मैदानावर होता. शेवटच्या चढाईत आमच्या गड्याचा पाय बाजूच्या रेषेबाहेर पडला. मी त्याच कोपऱ्यात, दोन हातांवर उभा होतो. पंचांना ते दिसले नाही. समोरच्या शाळेचा एक बारका मुलगा "बाहेर, बाहेर" असे ओरडत राहिला आणि आमच्या पाचशे पोरांनी त्याला हुर्यो करून गप्प केले. आम्ही एका गुणाने जिंकलो. मी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या आठवीतला एक मुलगा केबिनच्या दारात आला. "सर, तुम्ही तिथंच होतात ना?"

मी म्हटले, "निकाल पंचांचा असतो, बाळ."

"हो सर," म्हणून तो गेला. तेव्हापासून तो जिन्यात दिसला, की मी हातातल्या कागदांत डोके घालतो.

ढाल अजून कार्यालयातल्या कपाटात आहे. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मी दसऱ्याला पत्र लिहिले. उत्तर आलेले नाही. यंदाचा सामना दिवाळीच्या सुटीनंतर, पुन्हा आमच्याच मैदानावर आहे. पाहुण्या शाळेच्या मुलांना वेगळ्या कोपऱ्यात न बसवता आमच्या मुलांत मिसळून बसवा, असे मी क्रीडाशिक्षकांना सांगितले आहे. आणि तो मुलगा आता दहावीत आहे. गुणलेखक म्हणून त्याचे नाव मी दिले आहे. तो हो म्हणतो का, ते सुटीनंतर कळेल.