वाहकाने गाळावे काय?

सत्तेची नजर चुकवून ज्ञान पोहोचविणाराच त्यातील काही गाळू लागला, तर त्यास दोष द्यावा काय? क्यूबामध्ये सरकारी निर्बंधांमुळे इंटरनेट दुर्मिळ होते, तेव्हा ‘एल पाकेते’ नावाचा सुमारे एक टेराबाइटचा साठा दर आठवड्यास हार्डडिस्कवरून हातोहात घरोघर जाऊ लागला. चित्रपट, मालिका, नियतकालिके, जाहिराती, सारे त्यात असे. राजकीय टीका मात्र वाहक स्वतःच वगळीत. सरकारची डोळेझाक त्यावरच तर टिकून होती! यास आम्ही भ्याडपणा म्हणणार नाही. पोराबाळांच्या धन्याकडे हौतात्म्य मागणारे आपण कोण? आम्हांस खुपते ते निराळेच: भीतीपोटी गाळलेले पुढे सवयीने गाळले जाते. २०१८ मध्ये तेथे मोबाइलवर इंटरनेट आले. २०२१ च्या जुलैत निदर्शने होताच ते खंडित झाले. त्या दिवसांची चित्रे डिस्कवर घालण्यास किती हात धजले असतील?