मार्चअखेर आणि पोरांचं वर्ष

गावात सरकारी काम रखडलं की पहिला सवाल ठरलेला असतो. ‘कोणी खाल्लं?’ पारावर हा सवाल निघाला की उत्तरंही तयार असतात. कोणी ठेकेदाराचं नाव घेतो, कोणी सायबाचं, कोणी सरपंचाचं. तंबाखूचा बार भरला जातो आणि विषय मिटतो. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या तीन खोल्या आठ वर्षं रखडल्या, त्या काळात हा सवाल मी किती वेळा ऐकला त्याला मोजदाद नाही. शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून माझं नाव होतं, त्यामुळं कागद बघायला मिळाले. सगळी फाईल वाचली आणि पंचाईत झाली. खाल्लेलं कुठं दिसेना. मग त्याहून अवघड सवाल समोर उभा राहिला. कोणी काहीच खाल्लं नसेल, तर पोरांचं जे गेलं ते गेलं कुठं?

झालं ते असं. जुन्या खोल्या दगड-मातीच्या. 2014 च्या पावसाळ्यात एक भिंत फुगली. इंजिनिअर आले, ‘धोकादायक’ असा शेरा मारून गेले. जुनी खोली पाडायलासुद्धा मंजुरी लागते, तिला निर्लेखन म्हणतात, हे गावाला तेव्हा कळलं. नव्या तीन खोल्यांचं पहिलं अंदाजपत्रक 18 लाखांचं होतं. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश अशा पायऱ्या चढता चढता 2017 उजाडलं. पाया खणला तर खाली काळी माती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं. पाया खोल गेला, खर्च वाढला. त्यातच 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, सिमेंटवर 28 टक्के. ठेकेदार म्हणाला, ‘माझा दर जुन्या करावर धरलेला, मला परवडत नाही.’ वाळूचे लिलाव बंद होते, आणि पावती नसलेली वाळू चालणार नाही म्हणून इंजिनिअर अडून बसले. सुधारित अंदाजपत्रक गेलं, त्रुटी निघून परत आलं, पुन्हा गेलं. 2019 ला आधी लोकसभेची आचारसंहिता, मग विधानसभेची. चालू काम आचारसंहितेत थांबत नाही, पण नवी मान्यता मिळत नाही, आणि आमचं घोडं तिथंच अडलेलं. 2020 ला टाळेबंदी. ती उठून काम पुन्हा हाती घेतलं, तर लोखंडाचे भाव चढलेले. 2022 च्या पावसाळ्यात पोरं नव्या खोल्यांत गेली तेव्हा आकडा 29 लाखांवर पोचला होता.

आता यात चोर कोण? पाया खोल न्या म्हणणारा इंजिनिअर बरोबर होता. चोरीची वाळू नको म्हणणारा बरोबर होता. वाढीव दर मागणारा ठेकेदार काही लुटारू नव्हता. त्रुटी काढणाऱ्या बाबूनं बेरजेतली खरी चूक काढली होती. आचारसंहिता तर हवीच. प्रत्येकाचं वागणं कागदावर चोख.

आणि एवढ्या चोख कारभारात पोरं कुठं होती? पहिली ते चौथी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, पाचवी ते सातवी समाजमंदिरात. मंडपात दोन वर्ग पाठीला पाठ लावून बसायचे. इकडं गुरुजी पाढे म्हणून घ्यायचे, तिकडं बाई कविता. सप्ताह बसला की शाळेला सुट्टी. समाजमंदिरात लग्न असलं की मोठी पोरंही मंडपात यायची, आणि सहावी-सातवीच्या मुली घरी राहायच्या. पाळी असली की देवळात यायचं नाही, ही घरची शिकवण. समाजमंदिराला न्हाणीघर नाही की संडास नाही, म्हणून एरवीही महिन्यातले चार दिवस त्या यायच्याच नाहीत. हजेरीपटावर नुसती गैरहजेरी लागायची, कारण लिहायला तिथं जागा नसते. माझी पोरगी 2014 ला पहिलीत होती. 2021 ला सातवी होऊन गेली. नव्या खोलीत ती एक दिवसही बसली नाही. अशा आठ तुकड्या गेल्या.

आमचे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्यापाशी मी हे बोललो तर ते म्हणाले, “अरे, नियम काय हौसेनं केलेत व्हय? लोकांनी खाल्लं म्हणून केलेत. घाई केली असती आन् उद्या स्लॅब पोरांच्या अंगावर आला असता, तर तूच बोंबलला असतास.” गुरुजींचं म्हणणं मला डावलता येत नाही. ठिसूळ खोली लवकर मिळण्यापेक्षा पक्की उशिरा मिळालेली बरी.

“पण गुरुजी,” मी म्हणालो, “मुरूम लागेपर्यंत खणायला चाळीस दिवस लागले. त्या चाळीस दिवसांची मान्यता यायला चौदा महिने लागले. चाळीस दिवस पायाचे होते. चौदा महिने कुणाचे?”

त्यावर ते गप्प राहिले.

उशिराउशिरात फरक असतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. वापसा नाही म्हणून चार दिवस थांबणं हे शहाणपण. वापसा येऊन गेला आणि तिफण खोपीतच पडली, तर तो आळस. आणि पेर चुकल्यावर कोणी बियाणं फुकट आणून दिलं तरी रान त्या हंगामात ते घेत नाही. सात वर्षांच्या पोराचंही तसंच असतं.

कचेरीला घाई ठाऊकच नाही, असंही म्हणता येत नाही. मार्चअखेरीला जिल्हा परिषदेत जाऊन बघावं. रात्रीचे दहा वाजले तरी दिवे चालू, टेबलावर बिलांचा ढीग, मोजमाप पुस्तिका भरणं चाललेलं. कारण 31 तारीख उलटली की निधी परत जातो, आणि गेला तर विचारणा होते. तिथल्या माणसांची गती मी डोळ्यांनी बघितली आहे. पैसा वाया जाऊ नये म्हणून नियमानं पैशाला तारीख लावली, आणि माणसं धावायला शिकली. पोरांचं वर्ष एप्रिलात संपतं, दरवर्षी संपतं, पण ते संपल्याची विचारणा कुठंच होत नाही. 18 लाखांचे 29 लाख झाले तर त्याला सुधारित मान्यता असते. तिसरीच्या वर्षाला सुधारित मान्यता देणारं टेबल कुठल्याच कचेरीत नाही.

हे दुखणं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी 1882 ला हंटर आयोगापुढं सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. शाहू महाराजांनी 1917 ला आपल्या संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. संविधानानं 1950 ला दहा वर्षांची मुदत घातली. कायदा प्रत्यक्ष लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्यानं शाळांना पुरेशा खोल्या करायला तीन वर्षं दिली. आमची भिंत फुगली तेव्हा ती मुदत उलटून वर्ष झालं होतं. महाराजांचा दंड बापाला होता. बापानं पोर धाडलं आणि शाळाच उभी नाही, तर दंड कुणी भरायचा?

माझं उत्तर असं, की चोर नसला म्हणून ऋण फिटत नाही. दहा हातांनी थोडं थोडं थांबवलं, एकालाही ते जाणवलं नाही, तरी पोराचं गेलं ते पुरतं गेलं. ज्याच्या टेबलावर फाईल होती त्याचं पोर त्या मंडपात बसत नव्हतं. गावातसुद्धा ज्यांना फी झेपत होती त्यांची पोरं पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायला लागली, आणि त्या गाडीबरोबर गावाची घाईही गेली. याच गावानं मारुतीच्या कळसाची वर्गणी एका महिन्यात गोळा केली होती. खोल्या वर्गणीतून बांधा असं मी म्हणत नाही, ते सरकारचं देणं आहे. पण देणं मागायला दर आठवड्याला दहा माणसं कचेरीत गेली असती, तर चौदा महिन्यांचे चार झाले असते, असं मला वाटतं.

आता शाळेला मुलींचं स्वच्छतागृह मंजूर व्हायचं आहे. फाईल निघाली आहे. समितीच्या बैठकीत मी एवढंच मागितलं, की प्रस्तावाच्या पहिल्या पानावर रकमेच्या वर दोन ओळी असाव्यात: किती मुलींची अडचण आहे, आणि यंदा सातवी होऊन त्यातल्या किती जाणार आहेत. बाबू म्हणाले, “अहो, असा रकाना नमुन्यात नाही.” मुख्याध्यापक बाईंनी साध्या कागदावर लिहून वर टाचणीनं लावलं. मुली 46, यंदा जाणाऱ्या 9. दर महिन्याला मी कचेरीत जातो तेव्हा फाईल कुठं आहे हे नंतर विचारतो; आधी तो कागद जागेवर आहे का ते बघतो.