गर्दी म्हणजे इतर लोक?

अकलोलीस तानसा नदीच्या काठीं ऊन पाण्याचीं कुंडें आहेत. सुटीच्या दिवशीं तेथें गेलेला प्रत्येक जण म्हणतो, "आज काय ही गर्दी!" मींही तेंच म्हटलें आहे. आपण स्वतः त्या गर्दीचा अंश आहों, हें मात्र मनांत येत नाहीं.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ति निघतांच हेंच घडतें. लक्षावधि लोक एकाच घटकेस ती उतरवून घेऊं लागतात. सर्व्हरची शक्ति ठराविक, ती सर्वांत वांटली जाते, आणि संथपणाचा दोष प्रत्येक जण दुसऱ्यास देतो. १६ जुलै २०२१ रोजीं महाराष्ट्रांत दहावीचा निकाल लागला, तेव्हांही संकेतस्थळें कित्येक तास ठप्प होतीं. ज्यांचें भवितव्य त्या निकालांत होतें, त्यांची अधीरता रास्तच. पण केवळ कुतूहलानें तेंच दार ठोठावणाऱ्याची अधीरता तितकीच रास्त म्हणावी काय?

कुंडांतील जागा एकानें अडविली कीं दुसऱ्यास उणी पडते. सॉफ्टवेअरचें तसें नाहीं. एकास मिळालेली प्रत दुसऱ्याची उणी करीत नाहीं. अपुरा पडतो तो केवळ मार्ग. ब्रॅम कोहेन यांनीं २००१ सालीं बिटटोरेंटची योजना काढली. तींत घेणारा आपणांस मिळालेला भाग लगेच इतरांस देऊं लागतो. म्हणून घेणारे वाढले कीं देणारेही वाढतात.

तेव्हां गर्दीस नांवें ठेवण्याचा अधिकार कोणास? ज्यानें निकडीच्या माणसासाठीं आपली पाळी सोडली, किंवा मिळालें तें पुढें दिलें, त्यास. बाकीच्यांनीं ती मोजतांना प्रथम स्वतःस मोजावें.