हेळव्याची वही

यंदा सुगी सरल्यावर वंशावळ सांगणारा हेळवी आला. पूर्वी हे लोक नंदीवर बसून यायचे, हा मोटारसायकलवर आला. बाकी रीत तीच. ओट्यावर घोंगडं टाकलं, लाल फडक्यातली वही सोडली आणि उभ्यानंच कानडीत आमच्या घराण्याची नावं म्हणायला लागला. मूळ गाव कुठलं, तिथून कोण उठलं, त्याला मुलं किती, त्यातला कोण भीमेच्या अलीकडं येऊन मंद्रूपला राहिला. आमचं आडनाव बिराजदार. नदी ओलांडून विजापूरकडं गेलं की तेच बिरादार होतं. हेळवी मात्र दोन्ही काठांची घरं एकाच वहीत ठेवतो.

लग्न होऊन आले तेव्हापासून मला एक कोडं पडलंय. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस मेला म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात आणि बसवून समाधी देतात. जो लिंगात मिळून गेला, तो पिंडाची नि पाण्याची वाट कशाला बघेल? बसवण्णांनी तर कूळ विचारायचंच नाही असं शिकवलं. बाराव्या शतकात कल्याणला हरळय्या चांभाराचा मुलगा आणि मधुवरस ब्राह्मणाची मुलगी यांचं लग्न बसवण्णांच्या अनुयायांनी, म्हणजे शरणांनी लावलं, त्यापायी दोन्ही बापांना बिज्जळ राजानं मारलं, अशी आमच्याकडची कथा. मग त्याच बसवण्णांना मानणाऱ्या घरात कुळाची वही ऐकायला सगळे हात जोडून का बसतात?

उत्तर मला सासऱ्यांच्या चेहऱ्यावर सापडलं. दुष्काळात गाव सोडलेल्या त्यांच्या आजोबांचं नाव आलं की ते धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायचे. त्यात कुळाचा ताठा नव्हता. कोणीतरी पोटाला चिमटा काढून पोरं जगवली, म्हणून आज मी या ओट्यावर बसलोय, एवढंच त्या डोळ्यांत होतं. असं ऐकण्याला बसवण्णांनी हरकत घेतली नसती, असं मला मनापासून वाटतं.

पण पोटाला चिमटा तर बाईनंच काढला असणार. चुलीपाशी शेवटी जेवणारी तीच. आमच्या घरच्या पानांवर सात पिढ्या आहेत, बाईचं नाव एक नाही. माझं माहेर इंडी तालुक्यात; तिथल्या वहीत मी ‘मुली दोन’ यातली एक आहे. सासरी तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि जुनं पुसलं.

माझा भाचा माँट्रियलला असतो. तो सांगतो, तिकडच्या फ्रेंच लोकांतही आडनावांचा घोळ आहे. फौजेत पडलेलं टोपणनावच पुढं कितीतरी घरांचं आडनाव झालं. पण चर्चच्या जुन्या वह्यांत बाईचं नाव मरेपर्यंत माहेरचंच लिहिलेलं असतं. त्यामुळं तिथं आईच्या बाजूनंही तीन-साडेतीनशे वर्षं मागं जाता येतं. १९८१ पासून क्वेबेकमध्ये लग्नानं बायकोचं नाव बदलतच नाही. मी हे ऐकून रात्रभर जागी होते.

आपल्याकडं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव लावायचा नियम झाला. माझी नात त्यानंतरची. तिचा जन्मदाखला मी हेळव्यापुढं ठेवला. म्हटलं, असंच्या असं लिहा. त्यानं दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून विचारलं, “आईचं गाव?” सून दारात उभी होती, तिनं सांगितलं. त्यानं तिच्या आईचंही नाव विचारून घेतलं.

मग माझ्याकडं वळला. “अव्वा, तुमच्या आईचं?”

सांगितलं.

“तिच्या आईचं?”

मला येईना. तिला सगळे अज्जीच म्हणायचे. माहेरचं नाव वेगळं होतं, एवढं आई एकदा बोलली होती. ज्या हातांनी मला पहिल्यांदा भाकरी थापायला शिकवली, त्या हातांवरचं हिरवं गोंदण अजून दिसतं. नाव नाही.

हेळव्यानं तेवढी ओळ कोरी सोडली, बाकीची शाई वाळू दिली आणि वही बांधली. मी सुपात ज्वारी घेऊन आले.