घंगाळाची किंमत

पुण्याचा जुना बाजार वर्षानुवर्षे रविवारी नि बुधवारी भरत आला आहे. मंगळवार पेठेतल्या रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या अंथरायच्या आणि त्यांवर बंद पडलेली घड्याळे, गंजके पाने, रेडिओची आतडी, किल्ल्या हरवलेली कुलुपे नि कुलुपे हरवलेल्या किल्ल्या असा संसार मांडायचा. मला या बाजाराचे वेड आहे. काही घ्यायचे नाही असे ठरवून मी जातो. आणि तिथून रिकाम्या हाताने परतल्याचे निदान माझ्या घरात तरी कोणी पाहिलेले नाही.

अशाच एका बुधवारी तिथे मला तांब्याचे एक घंगाळ दिसले. दोन्ही अंगांना जाड कड्या, बुडाशी पोचा, आत हिरवट कळकट. कलते करून पाहिले तो काठावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेले नाव! एका मुलीचे नाव, खाली ‘मामाकडून’, मग ‘पाबळ’ आणि ‘शके १८८१’. म्हणजे १९५९-६० सालचे लग्न. पाबळ माझे गाव. आणि नाव तर आमच्याच आळीतले. ज्या घंगाळातले ऊन पाणी अंगावर घेऊन त्या घरची पोरे ओरडत, ते माझ्या पुढ्यात पडले होते.

आणि मी काय केले? चेहरा कोरा ठेवला. घंगाळ खाली ठेवून शेजारचे एक कुलूप उगाच खालीवर करून पाहिले. मग सहज विचारावे तसे, “याचं काय?” म्हणालो. “मोडीचा भाव द्या, साहेब. दुपार टळली, अजून भवानी झाली नाही.” मी पोच्यावर बोट ठेवले आणि मोडीचाही भाव दिला नाही. भवानी झालेली नाही, हे त्याने त्याच्या अडचणीचे सांगितले होते. मी ते माझ्या सोयीचे ऐकले.

स्वारगेटपर्यंत मी आनंदात होतो. पुढे मात्र काहीतरी टोचू लागले.

याज्ञवल्क्यस्मृतीत ‘अस्वामिविक्रया’चा, म्हणजे मालक नसताना वस्तू विकण्याचा, विचार आहे. गुपचूप, अवेळी, ती वस्तू बाळगण्याजोगी ऐपत नसलेल्याकडून किंवा हलक्या किमतीला कोणी खरेदी केली, तर त्या घेणाऱ्यालाच चोर समजावे, असे तिथे म्हटले आहे. माझे घंगाळ चोरीचे नव्हते. भर दिवसा, भर रस्त्यावर घेतले होते. पण हलकी किंमत? स्वस्त मिळाले म्हणून आपण मिरवतो, आणि स्मृतिकाराने नेमके त्याच गोष्टीला संशयाचे कारण ठरवले आहे!

अर्थात संग्राहकाची बाजू लंगडी नाही. दिनकर केळकर जुन्या वाड्यांतून, माळ्यांवरून अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या गोळा करीत हिंडले, आणि अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्यांनी त्या संग्रहाला दिले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांच्या राजा केळकर संग्रहालयात पुन्हा उभे आहेत. ते लाकूड एरवी कोणाच्या चुलीत गेले असते. मग मीही घंगाळ वाचवलेच की! पण वाचवण्यासाठी घासाघीस कशाला लागते, हा प्रश्न उरतोच.

बाजीरावाने मस्तानीला इनाम दिलेल्या गावांत पाबळ होते. १७४० साली बाजीरावामागोमाग तीही गेली. तिची समाधी आमच्या गावात आहे. हिरा गिळून तिने प्राण दिला अशी आख्यायिका आम्ही लहानपणी ऐकायचो, आणि ऐकून झाली की पहिला प्रश्न असायचा, “मग तो हिरा कुठं गेला?” त्या बाईला काय झाले असेल, हे विचारायचे आम्हा पोरांना सुचत नसे. वस्तूकडे आधी पाहण्याची ही खोड मला बहुधा तेव्हापासूनची आहे.

रोमन ग्रंथकार सिसेरो याने स्कीव्होला नावाच्या गृहस्थाची एक हकिकत दिली आहे. त्याने एक जमीन घ्यायची ठरवली, विकणाऱ्याने किंमत सांगितली. हा म्हणाला, माझ्या मते ती याहून जास्त मोलाची आहे, आणि वर एक लाख नाणी देऊन मोकळा झाला. लोकांनी त्याला सज्जन म्हटले. शहाणा मात्र म्हणेनात. ठीक. पण मी वरचे पैसे द्यायचे कोणाला? फेरीवाल्याला? भांडी मोडीत घेणाऱ्या दुकानदाराला? की पाबळच्या त्या घराला? मी मनाशी त्या घराला देऊन टाकले. मनाशी दिलेल्या पैशांना खर्च येत नाही.

पुढे त्या काकू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आल्या आणि दोन दिवस आमच्याकडे राहिल्या. सज्जात घंगाळात मी माती भरून झाड लावले होते. त्यांनी काठावरून बोट फिरवले. दिसत फारसे नव्हतेच.

“हे आमचं.”

“काकू, घेऊन जा.”

“कुठं ठिवू? नळाला गरम पाणी येतंय आता. सून म्हणाली जागा अडतीय, थोरल्यानं मोडीत घातलं.” मग जरा थांबून, “कितीला पडलं रं तुला?”

मी खरा आकडा सांगितला. काकू हसू लागल्या. “मग त्या बिचाऱ्याचं नुकसान केलंस की! आमाला त्याच्यापरीस जास्त मिळालं व्हतं.”

इतके दिवस मी भलत्याच दारात अपराधी होऊन उभा होतो.

पुढच्या बुधवारी फरकाचे पैसे घेऊन गेलो. तोच माणूस, तीच ताडपत्री. त्याला मी आठवलो नाही, घंगाळही आठवले नाही. “कशाचे?” त्याने नोटांकडे पाहत विचारले. मी सांगू लागलो. त्याने अर्धे ऐकले आणि नोटा खिशात घातल्या. मग ताडपत्रीवर नजर फिरवून त्याने एक पितळी कुलूप उचलले आणि माझ्या हातात कोंबले.

“फुकटचं नको, साहेब. याची किल्ली तेवढी नाही.”