चित्र कोणासाठी?



आज गीतेच्या ९व्या अध्यायातला २७वा श्लोक वाचला. जे काही करशील ते मला अर्पण कर, असं भगवंत अर्जुनाला सांगतात.

एकादशीला मी विठ्ठलाचं चित्र काढलं, पोस्ट केलं आणि रात्रभर लाइक्स मोजत बसले. मग अर्पण नक्की कोणाला केलं?

आजी रोज पहाटे दारात रांगोळी काढते. दुपारपर्यंत ती पुसली जाते. विचारलं, "वाईट नाही वाटत?" म्हणाली, "अगं, नाव घेत काढली ना? मग पोचली."

पोस्ट करणं चूक नाहीच. पण देवाला दिलेल्याची पावती मी जगाकडे का मागते?

आज पुन्हा ब्रश घेतलाय, फोन आजीच्या खोलीत ठेवून. बघू, जमतंय का. तुम्ही आज काय अर्पण कराल?